लागली की ‘येतो’ म्हणायचं

कारखान्याच्या फर्स्ट-एड रूममध्ये वीस वर्षं काढली की बाईकडे दोन गोष्टी भरपूर साठतात. कापूस आणि किस्से. कापूस मी रिटायर होताना स्टोअरला परत केला. किस्से कोणी मागितलेच नाहीत, ते माझ्याकडेच राहिले. आता डोंबिवलीत कोणाच्या बारशाला जरी गेले, तरी पाळण्याची दोरी ओढता ओढता कोणीतरी म्हणतंच, ‘‘सिस्टर, ते पपईचं सांगा ना!’’

बरं बाई, सांगते. पण नुसतं पपईचं सांगता येत नाही, त्याला भलंमोठं शेपूट आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमची कंपनी ठाण्यातल्या कोलशेतला, खाडीच्या अंगाला. आम्हा पाच जणांचं एक टोळकं होतं आणि आम्ही दर रविवारी एकमेकांना गोळ्या घालायचो. घाबरू नका! प्लास्टिकच्या. वाटाण्याएवढ्या, पिवळ्याधमक. आता म्हणे या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात, त्याची मैदानं असतात, तिथे शिकवायला माणूस असतो. आमच्या वेळी त्याला नावच नव्हतं. आम्ही नुसतं ‘रविवार’ म्हणायचो. शुक्रवारी एकाने दुसऱ्याला ‘‘काय, रविवार आहे ना?’’ असं विचारलं की बाकीचं कॅन्टीन आमच्याकडे दयेने बघायचं.

* * *

सुरुवात केली नंदूने. नंदू फिटर, विठ्ठलवाडीचा. हात सोन्याचे, पण तोंडाला बटण नाही. त्याने एक दिवस उल्हासनगरच्या बाजारातून काळं प्लास्टिकचं पिस्तूल आणलं. वरचा भाग खटकन मागे ओढायचा, आत स्प्रिंग ताणली जायची, घोडा दाबला की पिवळी गोळी बाहेर. जेवणाच्या सुट्टीत त्याने कॅन्टीनमधल्या स्टीलच्या ग्लासावर नेम धरला. ‘‘देखो भाई लोग!’’

गोळी ग्लासाला लागली, उलटी फिरली आणि पलीकडच्या टेबलावर वरणभात कालवत बसलेल्या करंदीकर साहेबांच्या टकलावर टप्पकन आपटली.

करंदीकर साहेब म्हणजे आमचे सेफ्टी ऑफिसर. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून उडी मारली म्हणून माणसाला मेमो देणारे. त्यांनी घास संपवला, हात धुतले, वाकून गोळी उचलली आणि उजेडात धरून बघितली.

‘‘नंदकुमार, हिचा वेग किती?’’

‘‘काय माहीत, साहेब. खेळणं आहे ते.’’

‘‘वेग माहीत नाही आणि खेळणं म्हणतोस?’’

दुसऱ्या दिवशी साहेब घरून एक पिकलेली पपई घेऊन आले. कॅन्टीनच्या मागच्या भिंतीपाशी स्टुलावर ठेवली. आधी नंदूला दहा पावलांवरून मारायला लावलं. गोळी पपईला लागून खाली पडली, सालीवर बारीकसा खळगा. मग दोन पावलांवरून. गोळी सरळ आत! दिसेनाशीच झाली.

साहेबांनी पपई उचलून सगळ्यांसमोर धरली. ‘‘ही पपई नाही. हा तुमचा डोळा आहे.’’

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. अकाउंट्सचे सोमण. जाड भिंगांचा चष्मा, हळू आवाज, आयुष्यात कोणाला मोठ्याने हाकसुद्धा न मारलेला माणूस. ते म्हणाले, ‘‘साहेब, मग हा डोळा कापायचा का? सगळ्यांची जेवणं झालीत.’’

* * *

साहेब आता त्या पिस्तुलावर बंदी घालणार असं आम्ही धरून चाललेलो. पण ते मला म्हणाले, ‘‘बंदी घातली तर हा मनुष्य जिन्याखाली लपून खेळेल. त्यापेक्षा नियमाने खेळा, सुट्टीच्या दिवशी, कंपनीबाहेर. अंपायर मी होईन.’’

‘हा मनुष्य’ म्हणजे नंदू, आणि त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या वर्षी नंदूच्या डाव्या करंगळीला पत्रा लागलेला. एवढासा काप. माझ्याकडे यायला दोन मिनिटं लागली असती. पण नाही! ‘लागलं’ म्हटलं की फिटरची इज्जत जाते, असं त्याचं डोकं. त्याने चिंधी बांधली आणि चार दिवस खिशात हात घालून फिरला. पाचव्या दिवशी मला वासावरून कळलं. करंगळीचं अर्धं पेर कापावं लागलं. मी त्याच्यावर अशी ओरडले की गेटवरचा वॉचमन धावत आला. नंतर आत जाऊन मी रडले, ते काही कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी करंदीकर साहेब माझ्या खोलीतल्या बाकावर बराच वेळ बसून होते. म्हणाले, ‘‘सिस्टर, मी माणसाला गॉगल घालायला लावू शकतो. ‘मला लागलं’ म्हणायला कसं लावू?’’ त्यांच्या रिटायरमेंटला तेव्हा तीन वर्षं उरलेली. ‘‘या माणसाने एकदा, फक्त एकदा, स्वतःहून लागलं म्हणून सांगितलं, की मी सुखाने घरी बसेन. नाहीतर माझ्या मागे हा एक दिवस डोळा नाहीतर हात घालवणार.’’

आणि या खेळाचा तर सगळा पायाच तो! प्लास्टिकच्या गोळीचा ना डाग पडत, ना रक्त येत. लागली की नाही, ते ज्याला लागली त्यालाच ठाऊक. त्याने स्वतः तोंडाने बोलायचं आणि खेळातून बाहेर व्हायचं. साहेबांच्या डोक्यात काय शिजतंय, ते मला बाकावरचं त्यांचं बोलणं आठवून कळलं.

* * *

बाकीच्यांना पिस्तुलं नंदूने आणून दिली, जागा दिली भोईरांनी. जयराम भोईर आमचे स्टोअरकीपर, कोलशेतच्या जुन्या गावातले. घराण्याची पूर्वी मिठागरं आणि भातशेती. आता खाडीकडेला एक पडीक शेत उरलेलं, त्यात मोडका बांध, चार बाभळी आणि छप्पर उडालेलं मिठाचं कोठार. लपायला झकास! शेताच्या कडेला त्यांचं घर, घराला ओटा आणि ओट्यावर कायम बसलेली भोईरांची आई. पंचाहत्तरीची, पण आवाज सायरनचा.

साहेबांनी शेताभोवती सुतळीची हद्द घातली. ओटा हद्दीबाहेर. बाभळीच्या खोडावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेले नियम टांगले. हद्दीत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत डोळ्यांवर गॉगल, हा नियम एक. अंपायरलासुद्धा. हद्दीबाहेर आलं की मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढलेलं, नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब. दहा पावलांच्या आतल्या माणसाला गोळी घालायची नाही, नुसतं ‘सापडलास’ म्हणायचं, तो बाद. शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आणि शेवटचा, लाल पेनाने लिहिलेला नियम, की लागली तर स्वतः सांगायचं.

‘‘शिट्टीनंतर हद्दीत ज्याच्या डोळ्यावर गॉगल नाही असा एकही सजीव असेल, तर खेळ सुरू होणार नाही,’’ साहेबांनी जाहीर केलं. तेवढ्यात भोईरांची म्हैस सुतळी ओलांडून आत आली.

शिट्टी! आम्ही जागच्या जागी. म्हैस शेताच्या मधोमध जाऊन बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. नंदू कुरकुरायला लागला, सोमणांच्या पायाला मुंग्या आल्या. साहेब घड्याळ बघत उभे, पण नियम म्हणजे नियम. शेवटी ओट्यावरून आई ओरडली, ‘‘जयराम, सायबाला इचार रं, तिचे मापाचा चष्मा हाय का!’’

* * *

‘सापडलास’वरून आठवलं.

सोमण पाय न वाजवता चालायचे, त्यामुळे ते दर वेळी कोणाच्या तरी मागे जाऊन पोचायचे. पण पोचून उपयोग काय? ‘‘माफ करा हं नंदकुमार, आपण... म्हणजे तुम्ही... सापडलात असं मला...’’ तोवर नंदू गर्रकन वळून ‘‘सापडलास!’’ म्हणून मोकळा. सलग चार रविवार सोमण असेच बाद झाले.

साहेब म्हणाले, ‘‘सोमण, हा खेळ आहे. अरे-तुरे करायला शिका. घरी सराव करा.’’

सोमणांनी मनावर घेतलं. घरी सगळ्यांना दुपारची झोप लागलेली बघून ते पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात गेले, छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले, ‘‘सापडलास!’’

आत त्यांचे सासरे. फ्रिज उघडा, हातात श्रीखंडाचा डबा. डायबेटिसचे पेशंट! डबा खाली, चमचा तोंडात, आणि जावई समोर कंबरेवर हात ठेवून उभा. सासरे दोन महिने सोमणांशी बोलले नाहीत. शुगर मात्र नॉर्मलला आली.

* * *

आता मुख्य मुद्द्यावर येते.

पहिल्या रविवारी सगळे नियम ठरले, पण लागल्यावर काय म्हणायचं तेच ठरवायचं राहून गेलेलं. जो तो तोंडाला येईल ते म्हणत होता, आणि तोंडाला एकच येतं. सोमण ‘‘मेलो!’’ म्हणून बसले. भोईर कोठारामागून ‘‘मेलो रे!’’ म्हणून बाहेर आले. मलासुद्धा एक गोळी दंडावर चांगला चटका देऊन गेली आणि मी ‘‘मेले, मेले!’’ करून नाचायला लागले.

आई हातात उलथनं घेऊन ओट्यावरून उतरली आणि सुतळी ओलांडून थेट शेतात. साहेबांनी जोरात शिट्टी फुंकली. ‘‘आई, गॉगल!’’

आईने उलथनं साहेबांच्या नाकासमोर धरलं. ‘‘माजे जाग्यान मेलो-बिलो कोनी बोलाचा नाय. सांगून ठेवते!’’

‘‘बरं, मग ‘आउट’ म्हणू.’’

‘‘मना नाय कलत तुजा आवट. येतो बोलाचा.’’

‘‘अहो आई, पण ज्याला लागली तो तर जाणार!’’

‘‘जानारा मानूस येतोच बोलतो. तुजे घरान शिकवला नाय?’’

भोईरांनी नंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचे वडील एका सकाळी मिठागरावर जायला निघाले. घाईत होते, दारातून ‘जातो गं’ म्हणाले आणि गेले. भरतीला बांध फुटला. ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून या घरात ‘जातो’ हा शब्द कोणी काढत नाही. हे ऐकल्यावर पहिला नंदूच म्हणाला, ‘‘मग ‘येतो’च म्हणू.’’

तर तेव्हापासून आमचा शब्द ठरला. लागली की उजवा हात पूर्ण वर करायचा, मोठ्याने ‘येतो!’ म्हणायचं आणि सरळ आईच्या ओट्यावर जाऊन बसायचं. आई प्रत्येकाला एकच विचारायची, ‘‘कुटं लागली?’’ जागा दाखवली की तिथे खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. शर्टावरूनच! मी सांगितलं, ‘‘आई, मी शिकलेली सिस्टर आहे, कपड्यावरून तेल लावून काही होत नाही.’’ तर म्हणाली, ‘‘तुजे दवाखान्यान तू बग. हिता मी हाय.’’ माझे किती पंजाबी ड्रेस त्यात तेलकट झाले असतील!

* * *

या ‘येतो’ने फार घोळ घातले.

शेजारचे एक बाबा दर रविवारी बांधापलीकडे येऊन बसायचे. त्यांना आमचा खेळ काही दिसायचा नाही, नुसतं ऐकू यायचं. महिनाभर त्यांनी कळ काढली. मग एक दिवस भोईरांना गाठून म्हणाले, ‘‘जयराम, कसले पावने हायेत रं तुजे? सकालधरना येतो-येतो करतान, उठून जात तर एक पन नाय!’’

पण खरा घोळ घातला सोमणांनी. कंपनीत कसल्यातरी कागदावरून मॅनेजर त्यांना केबिनमध्ये झापत होते. दार उघडं, बाहेर आम्ही चार जण कान टवकारून उभे. मॅनेजरांनी एक असा सणसणीत शब्द वापरला की सोमणांना तो वर्मी लागला. त्यांनी काय करावं? उजवा हात पूर्ण वर केला, स्पष्ट आवाजात म्हणाले, ‘‘येतो!’’ आणि सरळ बाहेर पडून बाकावर जाऊन बसले.

मॅनेजर केबिनच्या दारात आले. म्हणाले, ‘‘अरे, याला झालं काय?’’

नंदू म्हणाला, ‘‘काय नाय साहेब, नियमाने बाद झाले. आता पुढच्या डावात मारा.’’

* * *

करंदीकर साहेबांचं आणि आईचं मात्र या शब्दावरून दर रविवारी वाजायचं.

साहेब अंपायर. त्यांना गोळी लागायचा प्रश्न नाही, त्यामुळे ‘येतो’ म्हणायची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. घरी निघताना ते पायात बूट चढवून उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, ‘‘बराय आई. जातो.’’

‘‘येतो बोल!’’

‘‘आई, मी पुढच्या रविवारी येणार आहे. आत्ता मी जातो आहे. जे घडतंय ते बोलावं माणसाने. मी रजिस्टरमध्ये कधी खोटं लिहीत नाही आणि तोंडानेही बोलत नाही.’’

‘‘मना काय वाटेल त्याचा तुला काय नाय?’’

‘‘वाटतं ना. म्हणूनच हळू बोललो.’’

असं म्हणून साहेब बांधावरून चालायला लागायचे. मग आई ओट्यावर उभी राहून घराच्या आतल्या देव्हाऱ्याकडे तोंड करून ओरडायची, ‘‘येतो बोलला तो! येतो बोलला, मी आयकला!’’

मी एकदा विचारलं, ‘‘आई, देवाशी खोटं?’’

‘‘मंग काय करू?’’ ती म्हणाली. ‘‘त्याला अक्कल नाय, मना तर हाय ना!’’

* * *

आणि नंदू? दोन वर्षं झाली, नंदूला गोळी लागलीच नाही. म्हणजे लागायची हो! आमच्या डोळ्यांदेखत लागायची. पण नंदू कबूल करील तर शपथ.

‘‘नंदू, पाठीत लागली तुझ्या!’’

‘‘शर्टाला लागली. मला कुठे लागली?’’

‘‘नंदू, आवाज आला टप् करून!’’

‘‘बनियनचा आवाज आहे तो. नवीन आहे.’’

एकदा त्याच्या कपाळावर लालबुंद टिकली उमटलेली. तर म्हणे, डास चावला. खाडीचे डास आहेत, सिस्टर, कसम से! मी हसायचे, पण मनातून मला त्याचा राग यायचा आणि भीती वाटायची. त्याच्या त्या कापलेल्या करंगळीकडे बघितलं की माझं हसू तिथेच थांबायचं.

शेवटी साहेबांनी अक्कल लढवली. शनिवारी घरी बसून सगळ्या गोळ्या कपड्यांच्या निळीत घोळवून वाळवल्या. जिथे लागेल तिथे निळा डाग! नाकबूल कसा करतो बघू! हे फक्त साहेबांना आणि मला ठाऊक. मी पोटात ठेवलं... म्हणजे ठेवलं असतं. पण सोमणांना सांगितलं. सोमणांनी भोईरांना सांगितलं.

रविवारी नंदू आला. निळा शर्ट, निळी पँट, निळी टोपी आणि तोंडभर हसू. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘सिस्टर, पेशंटच्या बाबतीत तरी तोंड बंद ठेवता ना?’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या जागेत हा शब्द नको, पण झालं ते झालं.

* * *

साहेबांच्या रिटायरमेंटला पंधरा दिवस उरले होते. सोमवार होता. मी टेबलावर बँडेजं लावून ठेवत होते. दारात सावली पडली. बघते तर नंदू. डावा डोळा घट्ट मिटलेला, उजवा हात पूर्ण वर.

‘‘येतो, सिस्टर.’’

मी म्हटलं, ‘‘ही काय वेळ आहे का रे नाटकं करायची? जा, काम कर.’’

तो हलला नाही. हात तसाच वर. ‘‘सिस्टर, खरंच लागलंय. ग्राइंडिंग करताना डोळ्यात काहीतरी गेलं. चोळला नाही मी. कोणाला दिसलंसुद्धा नाही. म्हटलं, सांगावं.’’

माझ्या हातातली बँडेजं खाली पडली. मी त्याला बसवलं, डोळा झाकला आणि साहेबांना निरोप पाठवला. साहेब धावत आले. अहो, धावत! कंपनीच्या आवारात धावायचं नाही, अशी पाटी त्यांनी स्वतः लावलेली. त्यांनी नंदूला ठाण्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः नेलं. लोखंडाचा बारीक कण बुबुळात रुतलेला. डॉक्टर म्हणाले, चोळला असता किंवा दोन दिवस तसाच काढला असता, तर डोळ्याची खात्री नव्हती.

पट्टी बांधून दोघं परत आले. साहेबांनी अपघाताचं रजिस्टर उघडलं. नंदू खाली मान घालून बसलेला.

‘‘गॉगल?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘नव्हता, साहेब. रविवारी घालतो. सोमवारी... राहून जातो.’’

मला वाटलं, आता मेमो. साहेबांनी नुसतं लिहिलं. रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, अपघाताची माहिती कोणी दिली. त्यात दर वेळी सुपरवायझर नाहीतर शेजारच्या कामगाराचं नाव यायचं. साहेबांनी त्या रकान्यात लिहिलं, ‘स्वतः’. खाली एक रेघ मारली. थोडं थांबून दुसरी मारली. मग पेन बंद करून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

नंदू मला हळूच म्हणाला, ‘‘सिस्टर, साहेब रागावले का?’’

मी म्हटलं, ‘‘गप बस रे गाढवा. साहेब खूश झालेत.’’ माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्याच्या अपघाताने इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

* * *

आणि मग साहेबांचा शेवटचा रविवार.

रिटायर झाल्यावर ते मुलाकडे नागपूरला राहायला जाणार होते, सगळं बांधून झालेलं. आम्ही ठरवलं, रडायचं-बिडायचं नाही. नेहमीसारखं खेळायचं. सोमणांनी साहेबांपुढे पिस्तूल धरलं. ‘‘साहेब, आज तुम्ही खेळा.’’ साहेब म्हणाले, ‘‘नको. मी आजवर या सुतळीच्या आत नुसता उभा राहिलो, तेच बरं होतं.’’

डाव छान झाला. नंदूची पट्टी निघालेली, पण डॉक्टरांनी महिनाभर खेळायचं नाही म्हणून सांगितलेलं. तो आईजवळ ओट्यावर गॉगल लावून बसला, हद्दीबाहेर असूनसुद्धा. डावात सोमणांनी मला ‘‘सापडलीस!’’ म्हणून बाद केलं, एका दमात! भोईर बाभळीत अडकून शर्ट फाडून आले. आईने सगळ्यांना ‘कुटं लागली’ विचारून तेल लावलं, वर तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायला घातली. साहेब शाकाहारी. त्यांना भाकरीबरोबर गूळ.

मग साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि नंदूच्या गळ्यात घातली. ‘‘आजपासून अंपायर तू.’’

नंदू म्हणाला, ‘‘मी? साहेब, मी तर सगळ्यात जास्त नियम तोडलेत.’’

‘‘म्हणून तर. तुला सगळे पाठ आहेत.’’

ऊन उतरायला लागलेलं. साहेब उठले, पायात बूट घातले. रस्त्यावर जायला शेत ओलांडून बांधावर चढावं लागायचं. ते सुतळीपाशी आले आणि खिशातून गॉगल काढून डोळ्यांवर चढवला.

सोमण म्हणाले, ‘‘साहेब, आता कशाला? डाव संपला, सगळ्यांची मॅगझिनं काढून ठेवलीत.’’

‘‘नियम एक,’’ साहेब म्हणाले. ‘‘हद्दीत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत.’’

ते शेतातून चालायला लागले. आम्ही ओट्यावर ओळीने उभे. आई मधोमध. आज साहेब निघताना काहीच बोलले नव्हते, ‘जातो’सुद्धा नाही. आईने देव्हाऱ्याकडे तोंड वळवलं, पण काय ओरडावं ते तिला सुचेना.

साहेब कोठार ओलांडून पुढे गेले. बांधावर चढले. पलीकडच्या सुतळीपाशी थांबले. मग वळले, गॉगल तसाच डोळ्यांवर, आणि उजवा हात पूर्ण वर केला.

‘‘येतो!’’

आई तेलाची वाटी उचलून ओट्याच्या कडेला आली आणि शेतापलीकडे पोचेल अशा आवाजात ओरडली,

‘‘कुटं लागली, सायबा?’’